पेढीचा लॅपटॉप आणि दुसरी किल्ली



दिवाळीत आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. भगवान महावीरांचे निर्वाण आणि गौतमस्वामींचे केवलज्ञान यांचे स्मरण करून नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्रीकारांची उतरंड रचली जाते. आता या लाल वहीच्या शेजारी बहुतेक ठिकाणी लॅपटॉपही मांडलेला दिसतो. गेल्या दिवाळीत सांगलीला माझ्या भाच्याच्या हळदीच्या पेढीवर हेच दृश्य होते. सणाच्या सवलतीत घेतलेला नवाकोरा, पातळ, चांदीसारखा चकचकीत लॅपटॉप, त्याच्या झाकणावर केशराचा स्वस्तिक आणि वर अक्षता. चार दाणे की-बोर्डच्या फटीत गेलेले पाहून मी म्हणालो, "अरे, वहीला अक्षता चालतात, याला सोसायच्या नाहीत." सगळे हसले. पाच महिन्यांनी मार्चमध्ये याच यंत्राने मान टाकली. दोष अक्षतांचा नव्हता, हे आधीच सांगतो.

मार्च म्हणजे सांगलीत हळदीच्या सौद्यांचा ऐन हंगाम. ८ तारखेच्या संध्याकाळी बिले करता करता पडदा काळा झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने पाहून सांगितले की मदरबोर्ड गेला आहे. वॉरंटी होती, परंतु ती यंत्र सर्व्हिस सेंटरपर्यंत आपण नेऊन देण्याची होती. ते सेंटर शेजारच्या जिल्ह्यात होते आणि सुटा भाग यायला आठ-दहा दिवस लागणार होते. भाच्याची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या आतली असल्यामुळे त्याला ई-इन्व्हॉइसची सक्ती नाही. त्यामुळे फेब्रुवारीची विक्री-बिले सरकारी पोर्टलवर नव्हती, ती त्या एका यंत्रात होती. कागद वाचवावा म्हणून पेढीच्या प्रती छापणेही त्याने बंद केले होते. जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेची.

बाहेर हुंडेकऱ्याचा ट्रक भरून उभा होता. ई-वे बिल पोर्टलवरून कोणत्याही संगणकावर काढता येते, म्हणून शेजारच्या दुकानात बसून ते करता आले असते. पण त्यासाठी बिल हवे, आणि बिलाला क्रमांक हवा. शेवटचा क्रमांक कोणता, हे पेढीवर कोणालाच सांगता येईना. अखेरीस इंदूरच्या एका खरेदीदाराला दूरध्वनी करून, त्याला गेलेल्या बिलाचे छायाचित्र मागवून घ्यावे लागले. आपलीच बाकी आणि आपलाच क्रमांक गिऱ्हाइकाला विचारायची वेळ आली, हे त्याला फार लागले. सीएंनी मग वेगळ्या अक्षराने नवी क्रममालिका सुरू करून हाताने बिले लिहायला सांगितली.

यावर कडी पुढे झाली. सर्व्हिस सेंटरमधल्या भल्या अभियंत्याने विनंतीवरून यंत्रातील एसएसडी काढून दिली. एसएसडी म्हणजे जिथे सगळा हिशेब साठतो तो भाग. तो शाबूत होता. दुसऱ्या संगणकाला जोडला, तर पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागणारी चौकट उभी राहिली. आता हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रथम प्रवेश करताच साठवणीला आपोआप कुलूप लागते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच खात्यात जमा होते. यंत्र चालू आहे तोवर हे कुलूप आपल्याला दिसतही नाही. मदरबोर्ड बदलला, किंवा एसएसडी दुसरीकडे लावली, की ते किल्ली मागते. चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर माहिती सुरक्षित राहावी म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र येथे खरेदीच्या दिवशी "काका, मी सगळे चालू करून देतो" म्हणणाऱ्या दुकानातील मुलाने स्वतःच्या ई-मेलने खाते उघडले होते. म्हणजे पेढीच्या तिजोरीची किल्ली पाच महिने एका परक्या मुलाच्या खात्यात पडून होती. ती त्यालाही ठाऊक नव्हती आणि आम्हालाही. तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

१२ तारखेच्या रात्री त्याचा पत्ता लागला. बिचाऱ्याने दहा मिनिटांत किल्ली काढून पाठवली. १३ तारखेला विवरणपत्र भरले गेले. दोन दिवसांच्या उशिराने काय बिघडते, असे कोणाला वाटेल. बिघडते ते आपले नाही, गिऱ्हाइकाचे. ११ तारखेपर्यंत भरलेलीच बिले खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरतात. नंतर भरलेली पुढच्या महिन्यात जातात, आणि त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट महिनाभर अडकते. दोन खरेदीदारांनी कराइतकी रक्कम महिनाभर राखून ठेवली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. या चार दिवसांत भाचा एकदाही सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचला नाही, आणि रात्रिभोजनाचा त्याग असल्याने रोज उपाशीच झोपला. माझी बहीण त्या लॅपटॉपवर जितकी रागावली, तितकी ती भाच्यावर लहानपणीही रागावली नसेल.

नंतर एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, आता चांगल्यातला चांगला घेतो. लाखभर गेले तरी चालतील." त्याला मी जे सांगितले तेच या महिन्याच्या सदरात लिहीत आहे, कारण त्याच्यासारखे अनेकजण वाचकांत आहेत आणि मला विचारीतही असतात.

बँकेत असताना इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांची कर्जप्रकरणे माझ्याकडे येत. माग कोणता घ्यावा, याबाबत त्यांच्यातले जाणते लोक एक गोष्ट आधी पाहत. मागाचा वेग किती, हे ते नंतर विचारीत. त्याचा सुटा भाग आपल्या गल्लीत मिळतो का आणि तो बसवणारा फिटर हाकेच्या अंतरावर आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. माग बिघडणार, हे ते गृहीत धरीत. तो किती तास बंद राहील, एवढेच त्यांना मोजायचे असे. लॅपटॉपच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारीत नाही. प्रोसेसर कोणता, पडदा किती इंची, वजन किती, रंग कोणता यांत आपला सगळा वेळ जातो. हिशेबाच्या कामाला आजचा जवळजवळ कोणताही प्रोसेसर पुरून उरतो. टॅली, एक्सेल, पोर्टल आणि ई-मेल यांत यंत्राची काही कसोटी लागत नाही.

म्हणून पहिला प्रश्न सेवेचा. अभियंता पेढीवर येऊन दुरुस्ती करील अशी वॉरंटी घ्यावी. तिला ऑनसाइट म्हणतात. ती तीन वर्षांची घ्यावी. तक्रारीनंतर कामकाजाच्या पुढच्या दिवशी सेवा, असे शब्द अटींत असतात. पण ही सेवा आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारून घ्यावे. शहरात जी सेवा एका दिवसात मिळते, ती तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. विक्रेता "होईल, होईल" म्हणतो. त्याच्या शब्दाला वॉरंटीत स्थान नसते. खरेदीनंतर यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटीची मुदत व प्रकार स्वतः पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट, एकाच कंपनीचे लॅपटॉप दोन जातींचे असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घरगुती ग्राहकासाठी एक माळ आणि कार्यालयांसाठी दुसरी. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड (अलीकडे याचे नाव डेल प्रो झाले आहे), एचपीचे प्रोबुक व एलिटबुक, एसूसचा एक्स्पर्टबुक, एसरचा ट्रॅव्हलमेट ही कार्यालयीन माळेतील नावे. थिंकपॅड तर १९९२ पासून चालत आला आहे. तो मुळात आयबीएमचा, २००५ मध्ये तो विभाग लेनोव्होने घेतला. ही यंत्रे दिसायला काळीसावळी, थोडी जाड आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर सहसा नसलेली. मोठ्या कंपन्या ती शेकड्यांनी घेतात, म्हणून ती उघडून दुरुस्त करता येतील अशी बांधलेली असतात आणि त्यांचे सुटे भाग बराच काळ मिळत राहतात. कोणता स्क्रू कोठे आहे, हे सांगणारी दुरुस्तीची पुस्तिकाही अनेक यंत्रांसाठी कंपनी संकेतस्थळावर खुली ठेवते. बिजागऱ्या आणि की-बोर्ड यांवर येथे अधिक लक्ष दिलेले असते. दिवाणजी दिवसभर आकडे बडवतात, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. कार्यालयीन माळेतील यंत्र बिघडतच नाही असे नाही. ते बिघडले तर लवकर उभे राहते.

किमतीचा हिशेब भाच्यासमोर कागदावर मांडला. त्याचा चकचकीत लॅपटॉप ४४,००० रुपयांचा. त्याच वेळी तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह कार्यालयीन माळेतील साधे यंत्र ५९,००० ला मिळत होते. फरक १५,०००. यंत्र पाच वर्षे वापरायचे धरले तर वर्षाला ३,०००. वर्षाचे ३०० दिवस पेढी उघडी धरली तर दिवसाला १० रुपये. पेढीवर आलेल्या एका माणसाच्या चहाचा हा खर्च आहे, आणि पेढीवर दिवसाला किती चहा होतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. या १५,००० तही १८ टक्के जीएसटी अंतर्भूत आहे, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते. मात्र त्यासाठी बिल पेढीच्या नावाने आणि पेढीच्या जीएसटी क्रमांकाने हवे. ऑनलाइन सवलतीच्या घाईत मुलाच्या नावाने मागवलेल्या लॅपटॉपचे क्रेडिट हातचे जाते. कराच्या रकमेचे क्रेडिट घेतले तर तेवढ्या रकमेवर घसारा धरता येत नाही, दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. घसाऱ्याचा दर संगणकाला आजवर ४० टक्के राहिला आहे. मात्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणजे "कर वाचवायला ३१ मार्चला लॅपटॉप घेऊ" म्हणणाऱ्याला त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. अनुमानित नफ्याच्या योजनेत असणाऱ्यांना वेगळा घसारा नाहीच. त्यामुळे कर हे लॅपटॉप घेण्याचे कारण होऊ नये.

आतल्या वस्तूंविषयी थोडक्यात. रॅम १६ जीबी असावी, किंवा ८ असल्यास ती पुढे वाढवता येईल अशी खाच असावी. अतिशय पातळ यंत्रांत ती मदरबोर्डला कायमची जोडलेली असते, मग वाढवण्याचा प्रश्नच मिटतो. एसएसडी ५१२ जीबी पुरते. बाजूच्या खाचा मोजून पाहाव्यात. पेढीला प्रिंटर जोडायचा असतो, डिजिटल सहीचे टोकन लावायचे असते, माउस लावायचा असतो. काही देखण्या यंत्रांना चपट्या दोनच खाचा असतात, आणि सहीचे टोकन मात्र जुन्या रुंद खाचेत जाणारे. मग जोडण्या विकत घ्याव्या लागतात आणि नेमक्या ११ तारखेला त्या सापडत नाहीत.

आता नव्याच्या मोहात न पडणाऱ्यांसाठी. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली कार्यालयीन माळेतील यंत्रे दुरुस्त करून निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत विकली जातात. ही वाट वाईट नाही. माझे मत विचाराल तर, नव्या हलक्या लॅपटॉपपेक्षा जुना पण भारदस्त यंत्र मी पसंत करीन. एकच खबरदारी, आणि ती मोठी आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कोणी "नव्यासारखे" म्हणून स्वस्तात देत असेल, तर त्याचे स्वस्त असण्याचे कारण हेच. हिशेबाच्या आणि बँकेच्या कामाला ते घेऊ नये. रीतसर जीएसटी बिल आणि किमान एक वर्षाची लेखी हमी देणाऱ्याकडूनच घ्यावे. बॅटरी नवी घालून मागावी.

यंत्र कोठे ठेवतो, यावरही त्याचे आयुष्य ठरते. भाच्याच्या मदरबोर्डचे नेमके काय झाले, हे अभियंत्याने लेखी दिले नाही. परंतु यंत्र उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर बसलेला होता. आपल्या पेढ्यांवर अजून गाद्या-लोडांची बैठक आहे, आणि मी तिचा अभिमानी आहे. पण लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवा कोंडते आणि पंखा गादीचाच धुरळा आत ओढतो. पूर्वी दिवाणजींपुढे उतरते लाकडी मेज असे, ते अडगळीतून काढून लॅपटॉप त्यावर ठेवावा. हळद, मिरची, पीठ, सिमेंट, कापूस यांच्या धंद्यात वर्षातून दोनदा पंखा स्वच्छ करून घ्यावा. चार्जर सतत लावून ठेवायचा असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कार्यालयीन यंत्रांत असते, ती चालू करावी. बॅटरी फुगून खालचे झाकण उचललेले दिसले, तर त्या क्षणी वापर थांबवावा.

इतके सगळे ऐकल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे ५९,००० चा घेऊ?" मी म्हणालो, "घे. पण नुसते यंत्र बदलून तुझे दुखणे जाणार नाही." कारण त्या चार दिवसांत यंत्र बंद पडल्याने जितके नुकसान झाले, त्याहून अधिक झाले ते हिशेब एकाच जागी असल्याने आणि किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नसल्याने.

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली, तेव्हा मी नव्याने नोकरीला लागलेला अधिकारी होतो. पुढे शाखा पूर्ण संगणकीकृत झाली. दिवसाचे काम संपले की त्या दिवसाच्या हिशेबाची प्रत टेपवर घेतली जाई, आणि एक प्रत शाखेच्या बाहेर, दुसऱ्या शाखेत ठेवली जाई. आग लागली, पूर आला, तरी प्रत वाचावी. २०१९ चा कृष्णेचा पूर सांगलीकरांना आठवत असेलच. ज्यांच्या वह्या आणि संगणक एकाच तळमजल्यावर होते त्यांना विचारा. तपासणीला येणारे अधिकारी नुसती टेप पाहून समाधानी होत नसत. "यातून हिशेब परत उभा करून दाखवा," असे म्हणत. प्रत आहे, असे वाटणे आणि प्रतीतून हिशेब उघडणे यांत अंतर आहे, हे तेव्हा शिकलो.

आणि त्याहून जुनी एक पद्धत. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा एक जोड शाखेत वापरात असतो. दुसरा जोड लखोट्यात घालून, लाख लावून, दुसऱ्या शाखेत ठेव म्हणून ठेवलेला असतो, आणि ठराविक काळाने दोन्ही जोडांची अदलाबदल करतात, म्हणजे दुसरी किल्ली लागते की नाही हेही कळते. कोणा एका माणसाच्या स्मरणावर किंवा प्रामाणिकपणावर तिजोरी अवलंबून राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. भाच्याच्या पेढीवर पहिलाच जोड परक्याच्या हाती होता आणि दुसरा नव्हताच.

तेव्हा आम्ही असे केले. पेढीच्या नावाने नवे ई-मेल काढले आणि नव्या लॅपटॉपवरचे मायक्रोसॉफ्ट खाते त्याच ई-मेलने उघडले. दुकानातील मुलाला त्याने चहा पाजला, पण की-बोर्डला हात लावू दिला नाही. खात्यात जाऊन ती ४८ अंकी किल्ली कागदावर छापून घेतली. पासवर्ड, टॅलीचा परवाना क्रमांक, ई-वे बिल आणि जीएसटी पोर्टलची नावे, सगळे एका कागदावर. तो कागद लखोट्यात. टॅलीची प्रत रोज संध्याकाळी पेढी बंद होण्यापूर्वी दोन ठिकाणी जाते, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठवणीत. डिस्क दोन आहेत, एक पेढीत असते तेव्हा दुसरी घरी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचे बिल, त्याचा क्रमांक आणि कोणत्याही एका खातेदाराची बाकी पाहायची. विक्री-बिलांच्या पेढीच्या प्रती पुन्हा छापायला लागलो. कागदाचा अपव्यय होतो हे खरे, पण पाठकोऱ्या कागदावर छापले तर तोही कमी होतो.

दुसरा संगणक कोठून आला, असा प्रश्न पडेल. वॉरंटीतून दुरुस्त होऊन परत आलेला तोच चकचकीत लॅपटॉप. भाचा तो विकायला निघाला होता. मी अडवले. त्याच्यावर टॅली घालून तो घरी ठेवला आहे, महिन्यातून एकदा चालू होतो. एकाच महागड्या यंत्रापेक्षा दोन साधी यंत्रे पेढीला अधिक आधार देतात, हे माझे पक्के मत आहे. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या एका स्नेह्यांनी यावर मला टोकले, की दोन यंत्रे म्हणजे अधिक परिग्रहच की. त्यांचा मुद्दा मी हलका मानीत नाही. पण दर दोन वर्षांनी नवे घेऊन जुने फेकणाऱ्याचा परिग्रह मोठा, की असलेले यंत्र दहा वर्षे वापरात ठेवणाऱ्याचा, याचा विचार त्यांनीच करावा. जेव्हा ते खरेच निकामी होईल, तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये. आतल्या तारा तांब्यासाठी जाळल्या जातात, बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जातात, त्यात किती जीवांची हानी होते हे आपल्याला सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे असतात, आणि अनेक कंपन्या जुने यंत्र परत घेण्याची व्यवस्था ठेवतात. तेथे द्यावे, आणि देण्यापूर्वी एसएसडी कोरी करून घ्यावी किंवा काढून ठेवावी.

लाख रुपयांच्या यंत्राचे काय झाले, असेही कोणी विचारील. ते घेतले नाही. दुकानात ते हातात धरून पाहिले मात्र. फारच हलके होते. भाच्याने ते उचलून माझ्याकडे पाहिले, मी काहीच बोललो नाही, आणि त्याने ते परत फळीवर ठेवले.

लखोटा माझ्याकडे, आमच्या बँकेतील लॉकरमध्ये आहे. त्यावर तारीख घातली आहे आणि आम्हा दोघांच्या सह्या आहेत. वहीपूजनाच्या दिवशी तो उघडून, कागदावरचे सगळे पासवर्ड चालतात का हे पाहून, बदललेले नव्याने लिहून पुन्हा बंद करायचा, असे ठरले आहे. परवा तो वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, दिवाणजींनी पासवर्ड बदलला आणि मला सांगितला नाही. नवा लखोटा करायचा का?" मी त्याला म्हणालो की दिवाळीची वाट पाहू नको, उद्याच ये.